तारेचा हिशेब आणि कतरणीचा न्याय

सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या मोलगीला फाल्गुन महिना लागला की बाजाराचा रंग पालटतो. ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबे होळीसाठी गावी परततात. होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार भरतात. जवळच असलेल्या काठी गावच्या राजवाडी होळीची तयारी सुरू होते. ही होळी इ. स. १२४६ पासून चालत आल्याचे सांगितले जाते. रात्रभर ढोल घुमतात, कमरेला घुंगरू बांधलेले बुध्ये नाचतात आणि पहाटे होळी पेटते. त्या रात्री आदिवासी स्त्रियांच्या अंगावरची चांदी पाहणाऱ्याच्या नजरेत भरते. हासळी, कडी, वाळे, करदोडा, रुपयांच्या माळा हा सारा केवळ साज नव्हे. कैक महिन्यांची मजुरी त्या धातूत साठवलेली असते. आजारपण, बियाणे किंवा लग्नकार्य आले की तीच चांदी पुन्हा दुकानदाराच्या तराजूवर येते. तिथे पासबुकाचे काम दागिनाच करतो.

ज्या व्यापारी कुटुंबांचे या बाजाराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, त्यांच्या घरांत अलीकडे एक नवा गृहउद्योग शिरला आहे. मणी, तार, पक्कड आणि चिमटा घेऊन घरातील सुना-लेकी माळा, कानातली आणि बांगड्या तयार करतात. भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते आणि दुपारचा मोकळा वेळ सत्कारणी लागतो. परंतु या कामात नफा आणि तोटा, विश्वास आणि अविश्वास, दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून असतात. ती गोष्ट म्हणजे तार. मणी मोजता येतात. तार मात्र हातात असताना पुष्कळ वाटते आणि काम अर्ध्यावर आले की संपते. मोलगीसारख्या ठिकाणी ती संपली तर शेजारच्या गल्लीत मिळत नाही. देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा आणि तिथून पुढे नंदुरबार गाठावे लागते. सणाच्या तोंडावर वाया गेलेला तो एक दिवस दहा ग्राहकांचा शब्द मोडतो. म्हणूनच तारेची निवड आणि तिचा अंदाज हा विषय गृहिणीपासून गादीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे.

धातूची निवड

हातकामाला तांबे, पितळ, जर्मन सिल्व्हर, ॲल्युमिनियम आणि चांदी या तारा प्रामुख्याने वापरल्या जातात. शिकणाऱ्या हाताने तांब्यापासून प्रारंभ करावा. तांबे नरम असते, वळण चांगले घेते आणि चुकले तरी नुकसान थोडे होते. मात्र ते काळवंडते आणि घामाने त्वचेवर हिरवट डाग पाडते. पितळ तांब्यापेक्षा ताठ असते. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त, पण फार मऊ. रोजच्या वापरात त्याच्या कड्या उघडतात.

जर्मन सिल्व्हरविषयी एक गैरसमज दूर व्हावयास हवा. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा अंश नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण आहे. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यांच्या कानाला अशा आकड्याने खाज सुटते, चिघळते. युरोपीय देशांत टोचलेल्या जागी घालावयाच्या दागिन्यांतून किती निकेल झिरपावे यावर कायद्याने कडक मर्यादा घातली आहे. तेव्हा कानातल्याचा आकडा तरी चांदीचा असावा. बाकीचा दागिना कशाचाही असो.

विद्युत मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार खेड्यातही मिळते आणि स्वस्त पडते. परंतु तिच्यावर लाखेसारखा रोधक लेप असतो. तो न खरवडता डाक दिला तर डाक धरत नाही, आणि लेप जाळला तर निघणारा धूर अपायकारक असतो. सरावापुरती ती ठीक आहे, विक्रीच्या दागिन्यात तिला स्थान नसावे.

दागिने गाठवणारे पटवेकरी परंपरेने रेशमाचा दोरा वापरीत आले आहेत. जीवहिंसेमुळे रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरांना तार आणि सुती दोरा हे दोन सोईचे पर्याय आहेत. तार टिकाऊ असते, पण दोऱ्यासारखी लवचीक नसते. म्हणून गळ्याला बिलगणारी माळ तारेच्या लहान लहान दुव्यांनी जोडावी लागते. आणि दुवे आले की हिशेब आला.

नंबराचा घोळ

तारेची जाडी बाजारात नंबराने सांगितली जाते. नंबर वाढला की तार बारीक होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र एकाच नंबराच्या दोन जाड्या असू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडील पितळ-तांब्याच्या बाजारात ब्रिटिश पद्धतीचा नंबर रुळलेला आहे, तर हस्तकलेची पुस्तके आणि परदेशी साहित्य विकणारे अमेरिकी पद्धतीचा नंबर देतात. ब्रिटिश २० नंबरची तार ०.९१४ मिलिमीटर जाड असते. अमेरिकी २० नंबरची ०.८१२ मिलिमीटर. तोच प्रकार १८ नंबरचा : १.२१९ आणि १.०२४. तसेच २४ नंबरचा : ०.५५९ आणि ०.५११.

हा फरक डोळ्यांना केसाएवढा वाटतो. तराजूवर तो केवढा होतो ते पाहावे. तारेचे वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ब्रिटिश २० नंबरची तार अमेरिकी २० नंबरपेक्षा मीटरमागे सुमारे २७ टक्के जड भरते. म्हणजेच वजनावर घेतलेल्या तेवढ्याच चांदीत तार सुमारे २१ टक्के कमी लांब मिळते. शिवाय जाडी वाढली की मण्याच्या भोकातून ती जाईलच असे नाही.

यावर उपाय सोपा आहे. मागणी नोंदवताना नंबर लिहू नये, मिलिमीटर लिहावे. आणि आलेली तार तपासावी. सूक्ष्ममापक नसेल तर पेन्सिलीवर तारेचे २० वेढे एकमेकांना चिकटून घ्यावेत, त्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजावी आणि तिला २० ने भागावे. रुंदी १६ मिलिमीटर भरली तर तार ०.८ मिलिमीटरची, १८ च्या वर गेली तर ०.९ ची. एवढी तपासणी मोलगीच्या दुकानाच्या ओट्यावर बसूनही करता येते.

कोणत्या कामाला कोणती जाडी, याचे ढोबळ प्रमाण असे : मण्यांभोवती किंवा जाड तारेवर गुंडाळण्यास ०.३ ते ०.४, मण्यांचे दुवे आणि कानाचे आकडे यांस ०.८ ते ०.९, जोडकड्यांस १.०, बांगडीच्या गाभ्यास २.० मिलिमीटर. एका भोकातून तार दोनदा न्यावयाची असेल तर भोक तारेच्या जाडीच्या दुपटीहून थोडे मोठे हवे. मण्यांची पूर्ण खरेदी करण्यापूर्वी चार मणी आणून तार ओवून पाहणे हाच शहाणपणा.

नरम आणि कडक

सोनार जंतराच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढतो, तसतशी ती बारीक होते आणि कडकही होते. कडक तार तापवून नरम करता येते. चांदी अंधुक लाल दिसेपर्यंत तापवली की तिचा ताठरपणा जातो. उलट नरम तार वाकवून, पिळून, हलके ठोकून कडक करता येते. गुंडाळण्याच्या कामाला नरम तार घ्यावी. आकडे, कड्या आणि दुवे यांस अर्धकडक तार घ्यावी, अन्यथा ओढ बसताच कडी उघडते आणि मणी घरंगळतात. एकाच जागी वारंवार वाकवलेली तार मात्र तुटते. म्हणून चुकलेला दुवा उलगडून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. तो तुकडा बाजूला ठेवावा.

या ओढण्याच्या क्रियेत एक नियम दडलेला आहे. धातू तेवढाच राहतो, आकार बदलतो. १ मिलिमीटर जाडीची एक मीटर तार ०.५ मिलिमीटरपर्यंत ओढली तर ती दोन नव्हे, चार मीटर होते. जाडी निम्मी, लांबी चौपट. तारेच्या साऱ्या हिशेबाचे मर्म या एका वाक्यात आहे.

लांबीवरून वजन

घरात पाठ करून ठेवावे असे एक सूत्र आहे. तारेची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि त्याला धातूच्या आकड्याने गुणावे. उत्तर एका मीटरचे वजन ग्रॅममध्ये येते. हा आकडा ९२५ शुद्धतेच्या चांदीला ८.१, तांब्याला ७, पितळेला ६.७ आणि ॲल्युमिनियमला २.१ धरावा. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी, हे सांगावयास नकोच.

उदाहरणार्थ, ०.८ चा वर्ग ०.६४. चांदीची अशी एक मीटर तार ५.२ ग्रॅम भरेल, तांब्याची ४.५ आणि पितळेची ४.३. यातून एक उपयोग आपोआप साधतो. चांदीची म्हणून आलेली ०.८ ची तार मीटरला साडेचार ग्रॅमच भरली, तर ती चांदीचा मुलामा दिलेले तांबे असण्याचा संशय घ्यावा. जाडी नीट मोजलेली असेल आणि काटा अचूक असेल तर हा फरक लपत नाही. अंतिम निर्णय अर्थात कसोटीचा आणि हॉलमार्क केंद्राचा. पण पहिला इशारा घरचा तराजू देतो.

कामावरून लांबी

आता कोणत्या कामाला किती तार लागेल ते पाहू जाता, सर्वांत सोपी जोडकडी. कडीच्या आतील व्यासात तारेची जाडी मिळवावी आणि ३.१४ ने गुणावे. आतून ४ मिलिमीटर आणि तार १ मिलिमीटर असेल तर एका कडीला १५.७ मिलिमीटर, म्हणजे शंभर कड्यांना १ मीटर ५७ सेंटीमीटर तार लागेल. केवळ आतला व्यास धरून हिशेब केला तर शंभराऐवजी ऐंशीच कड्या होतात. नवशिक्यांची पहिली चूक नेमकी हीच असते.

बांगडीचेही तसेच. आपल्याकडे बांगडीचे माप इंच आणि इंचाचे सोळा भाग असे सांगतात. सव्वादोनची, म्हणजे दोन-चारची बांगडी आतून ५७ मिलिमीटर असते. तार २ मिलिमीटर घेतली तर घेर १८.६ सेंटीमीटर येतो आणि चांदीचे वजन सुमारे ६ ग्रॅम. अडीचची बांगडी आतून साडेत्रेसष्ट मिलिमीटर. तिला सुमारे २०.६ सेंटीमीटर तार लागेल.

आता त्याच सव्वादोनच्या बांगडीवर ०.४ मिलिमीटरची बारीक तार पूर्ण गुंडाळावयाची ठरवली, तर किती तार लागेल? अनुभव नसलेला माणूस अर्धा मीटर, फार तर एक मीटर म्हणेल. हिशेब वेगळेच सांगतो. १८.६ सेंटीमीटरमध्ये ०.४ मिलिमीटरचे ४६५ वेढे बसतात. प्रत्येक वेढा गाभ्याची जाडी २ आणि तारेची ०.४ मिळून २.४ चा, म्हणजे साडेसात मिलिमीटरचा. एकूण साडेतीन मीटर तार लागली! तिचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. दिसायला नाजूक नक्षी, पण तिने सहा ग्रॅमची बांगडी साडेदहा ग्रॅमवर नेली. हे ठाऊक नसलेल्या घरात बांगडीचा भाव गाभ्यावरून सांगितला जातो आणि तोटा कुठून आला हे वर्षअखेरीपर्यंत उमगत नाही.

दोन तारा पिळून केलेल्या पिळाला तार किती जास्त लागते, हे पीळ किती घट्ट आहे त्यावर ठरते. तारेच्या जाडीच्या सहा पट अंतरात एक पीळ बसत असेल तर प्रत्येक तार सुमारे १३ टक्के अधिक लागते. चार पट अंतरात बसत असेल तर २७ टक्के. म्हणून घट्ट पिळाच्या कामाला प्रत्येक तार लांबीच्या सव्वापट धरून वर थोडी ठेवावी.

एका माळेचा पूर्ण हिशेब

समजा, मोलगीतील एखाद्या दुकानात होळीसाठी चाळीस माळांची मागणी आली. माळ ४५ सेंटीमीटरची, मणी ८ मिलिमीटरचे, तार ०.८ मिलिमीटरची चांदीची. प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंस आतून ३ मिलिमीटरचा फासा, आणि फासा उघडू नये म्हणून त्याच्या मुळाशी तारेचे तीन वेढे.

एका दुव्याला तार किती? मण्यातून ८ मिलिमीटर. प्रत्येक फाशाला १२. मुळाशी तीन वेढ्यांना १५. ज्या दांड्यावर ते वेढे बसतात त्याला जवळजवळ अडीच. दोन्ही बाजू मिळून आणि मणी धरून ६७ मिलिमीटर. याशिवाय वेढे घेताना पकडीत धरावयास प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर शेपटी सोडावी लागते. ती शेवटी कापली जाते. म्हणजे प्रत्येक तुकडा ८७ मिलिमीटरचा कापावा. एका मण्यापासून दुसऱ्या मण्यापर्यंतचे अंतर सुमारे २० मिलिमीटर येते, म्हणून माळेत २२ मणी बसतात. बावीस दुव्यांना १ मीटर ९१ सेंटीमीटर तार, वजन १० ग्रॅम. चाळीस माळांना सुमारे ७७ मीटर, म्हणजे ४०० ग्रॅम. चुकण्यासाठी पाच टक्के अधिक धरून ४२० ग्रॅम.

आता नंबराचा घोळ इथे लावून पाहावा. ०.८ मिलिमीटरऐवजी ब्रिटिश २० नंबरची, म्हणजे ०.९१४ ची तार आली, तर ४०० ग्रॅममध्ये ७७ नव्हे, ५९ मीटरच तार भरते. चाळीस माळांऐवजी तीस होतात. उरलेल्या दहा ग्राहकांना काय सांगावयाचे, याचे उत्तर घाटाच्या पलीकडे राहते.

साधा फासा, म्हणजे वेढ्यांशिवायचा, केला तर याच माळेला २९ मणी आणि केवळ ९३ सेंटीमीटर तार पुरते. वजन निम्म्याहून कमी. पण असा फासा ओढ बसताच उघडतो. रानात, डोंगरात, पाठीवर मूल घेऊन चालणाऱ्या स्त्रीच्या गळ्यात तो किती टिकेल याचा विचार विकणाऱ्याने करावयास हवा. तार वाचली, पण माळ तुटून मणी ओढ्यात गेले, तर वाचवले ते नेमके काय?

कतरण कोणाची?

इथवरचा हिशेब गणिताचा झाला. आता जो प्रश्न येतो तो गणिताने सुटत नाही.

वरील माळेसाठी १० ग्रॅम तार कापली. त्यातील ७.७ ग्रॅम माळेत राहिली आणि २.३ ग्रॅम शेपट्यांच्या रूपाने ताटात पडली. ही कतरण. जवळजवळ पाव भाग! ग्राहकाने केवळ तयार माळ विकत घेतली असेल तर प्रश्न सरळ आहे. तार दुकानाची, कतरणही दुकानाची, आणि किंमत माळेतील धातूच्या वजनावर अधिक घडणावळ अशी लावावी. परंतु मोलगीच्या बाजारात अनेकदा ग्राहक स्वतःची चांदी घेऊन येतो. जुने वाळे मोडून किंवा मजुरीतून घेतलेला चांदीचा तुकडा देऊन माळ करवून घेतो. दहा ग्रॅम दिले, माळ ७.७ ग्रॅमची परत मिळाली. मग २.३ ग्रॅम कोठे गेले?

त्याला कोणी विचारले तर सामान्यतः सांगितले जाते, ‘घट गेली.’ हा शब्द कानांना निरुपद्रवी वाटतो. खरी घट, म्हणजे तापवताना, कानशीने घासताना, झाळताना प्रत्यक्ष नाहीसा होणारा धातू, फार थोडी असते. ताटात पडलेली कतरण ही घट नव्हे. ती दिसणारी, मोजता येणारी, पुन्हा वितळवून वापरता येणारी चांदी आहे. ग्रॅमला शंभर रुपये भाव धरला तरी एका माळेमागे २३० रुपये आणि चाळीस माळांमागे ९,२०० रुपये होतात. प्रत्यक्ष भाव याहून जितका चढा, तितकी ही रक्कम मोठी. एका बाजूला ती दुकानाच्या नफ्यात नकळत मिसळते. दुसऱ्या बाजूला ती कोणाच्या तरी ऊसतोडीच्या मजुरीतून वजा होते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन थेट तराजूशी निगडित आहेत. एक हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक मापणे. दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे देणे. शास्त्रकारांनी यांना उघड चोरी म्हटले नाही, अतिचार म्हटले. म्हणजे व्रत पाळतो असे मानणाऱ्या माणसाकडूनही सहज घडणारा दोष. जर्मन सिल्व्हरला नुसते ‘सिल्व्हर’ म्हणणे, मुलाम्याची तार चांदी म्हणून देणे, आणि कतरणीला घट म्हणणे, या तिन्ही गोष्टी याच वर्गात मोडतात. वहीत त्यांची नोंद नसते, म्हणूनच त्या घडत राहतात.

यावर कोणी म्हणेल की कतरण परत द्यावयाची तर बारीक तुकडे गोळा करणे, तोलणे, समजावून सांगणे यात वेळ जातो, आणि त्या वेळेचे मोल कोण देणार? हा आक्षेप खोटा नाही. कारागिराचा वेळ हे त्याचे भांडवलच आहे. परंतु त्याचे उत्तर घडणावळ वाढवून द्यावे, कतरण लपवून नव्हे. ‘घडणावळ इतकी, तुमची चांदी इतकी आली, दागिन्यात इतकी गेली, उरलेली ही,’ असे चार शब्द बोलले की ग्राहक घडणावळीवरून घासाघीस करील कदाचित. पण पुढच्या होळीला तो त्याच ओट्यावर येईल. कतरण परत नको असेल तर तिची किंमत घडणावळीतून वजा करावी. दोन्ही मार्ग न्याय्य आहेत. तिसरा मार्ग न्याय्य नाही.

एक व्यावहारिक सूचनाही इथे द्यावयास हवी. डाक लागलेले तुकडे आणि स्वच्छ तारेचे तुकडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. डाकाची शुद्धता कमी असते. दोन्ही एकत्र वितळवली तर साऱ्या चांदीची शुद्धता घसरते आणि एकाचे नुकसान सर्वांच्या माथी बसते. प्रत्येक ग्राहकाच्या चांदीसाठी स्वतंत्र पाकीट, पाकिटावर नाव आणि आलेले वजन, ही शिस्त पहिल्या दिवसापासून असावी. तराजूवर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असावा आणि त्याचा दर्शक ग्राहकाच्या बाजूला वळलेला असावा.

जुन्या रुपयांची माळ

मोडीत येणाऱ्या दागिन्यांत जुन्या रुपयांच्या माळा असतात. त्यांचा हिशेब स्वतंत्र आहे. १८३५ नंतरच्या ब्रिटिश अमलातील चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी असे. म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. वजन तेच, परंतु शुद्ध चांदी ५.८ ग्रॅमच. १९४७ चा रुपया तर निकेलचा. तेव्हा वीस रुपयांची माळ सरसकट एका भावाने तोलणे हे घेणाऱ्यावर किंवा देणाऱ्यावर, कोणावर तरी अन्याय करणारे आहे. प्रत्येक नाण्यावरचे साल वाचावे, ढीग वेगळे करावेत आणि देणाऱ्या स्त्रीसमोरच करावेत. शिवाय तोळा म्हणताच हल्ली १० ग्रॅम समजले जाते, तर वृद्ध ग्राहकाच्या मनात तो पावणेबारा ग्रॅमच्या आसपासचा असू शकतो. तारेच्या नंबराचा जो घोळ, तोच इथे वेगळ्या वेषात येतो. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : शब्द सोडून आकडा बोलावा, ग्रॅममध्ये बोलावे.

शक्य असेल तर अशी नाणी वितळवू नयेतच. तारेच्या कडीने नवी माळ गाठवून द्यावी. धातू टिकतो, आजीची आठवण टिकते आणि घडणावळही मिळते.

वहीची सहा घरे

या गृहउद्योगासाठी मोठ्या जमाखर्चाची गरज नाही. एका वहीत प्रत्येक कामासाठी सहा घरे आखावीत. पहिल्यात तारेचा धातू आणि जाडी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्यात सूत्राने काढलेली अंदाजे लांबी आणि वजन. तिसऱ्यात प्रत्यक्ष कापलेल्या तारेचे वजन. चौथ्यात तयार दागिन्यातील धातूचे वजन; त्यासाठी मणी ओवण्यापूर्वी तोलून घ्यावेत आणि एकूण वजनातून वजा करावेत. पाचव्यात कतरणीचे वजन. सहाव्यात तिसऱ्या घरातून चौथे आणि पाचवे वजा करून उरलेली खरी घट. चार-पाच माळांनंतर या सहाव्या घरातील आकडा किती लहान असतो हे दिसू लागते आणि ‘घट गेली’ हा शब्द तोंडातून सहजासहजी निघत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या घरांतील अंतर पाहून अंदाज सुधारत जातो. पहिल्या माळेला शेपटी १० मिलिमीटर लागत असेल, तर सरावलेला हात ती ६ वर आणतो. किंवा तार तुकडे न करता लडीवरूनच वापरली तर एका बाजूची शेपटी पूर्ण वाचते. बावीस दुव्यांच्या माळेत त्यामुळे २२ सेंटीमीटर तार, म्हणजे एक ग्रॅमहून थोडी अधिक चांदी वाचते. कौशल्याने वाचलेला हा ग्रॅम कोणालाही न फसवता मिळवलेला असतो.

होळीची रात्र सरते, राख थंड होते, कुटुंबे पुन्हा कामाच्या वाटेला लागतात. चैत्र-वैशाखात कैऱ्या उतरतात आणि मोलगीच्या बाजारात आमचुराची पोती येऊ लागतात. तोच ग्राहक आता विक्रेता म्हणून त्याच तराजूसमोर उभा राहतो. फाल्गुनात त्याने आपल्या चांदीची २.३ ग्रॅम कतरण कागदाच्या पुडीत परत नेली असेल, तर वैशाखात त्याचे पोते कोणत्या दुकानाच्या ओट्यावर उतरेल, हे सांगावयास कोणत्याही सूत्राची आवश्यकता नाही.